ओहोटी संपायच्या आत

चिलोए बेटाच्या दक्षिण टोकाला, केयोनच्या खाडीत
पाणी सहा तास जातं
आणि सहा तासांत परत येतं, कुणाला न विचारता.
मधल्या वेळात लाँच चिखलात कुशीवर पडून असते,
गाभण गाईसारखी,
आणि तिच्या पोटात मी.

"ओतिलिया, काय दिसतंय?"
एवारिस्तो मियालोंको वरून विचारतो.
मी तेलाची कांडी त्याच्या नाकासमोर धरते.
तेल कसलं, दूध घातलेली कॉफी.
"थंडीनं होतं तसं," म्हणतो.
पस्तीस वर्षं डिझेलच्या वासात काढलेला माणूस
असं बोलतो तेव्हा
त्याला किंमत ऐकायची नसते.

दुखणं कोपरात आहे.
इंजिनाचा धूर जिथं वळतो
आणि समुद्राचं पाणी त्याला येऊन मिळतं,
तो ओतीव लोखंडाचा वीतभर तुकडा.
धूर चारशे अंश, पाणी अकरा.
रोज त्यांचं भांडण तिथं होतं, तिथंच मिटतं,
आणि मिटवणाऱ्याला काय लागलं
ते बाहेरून कळत नाही.

बाहेरून चंदेरी रंग.
दर सप्टेंबरला एवारिस्तो स्वतः देतो,
ब्रश दातांत धरून खाली उतरतो,
दोन हात, मध्ये एक रात्र वाळवून.

चार बोल्ट.
तीन शिव्या खाऊन सुटले.
चौथा फिरला, मला बरं वाटलं,
आणि त्याचं डोकं पान्यात राहिलं.

मग ड्रिल. भाचा आरिएल बॅटरी धरतो,
म्हणजे अर्धा उजेड बोल्टवर
आणि अर्धा कुठल्याशा मुलीच्या निरोपावर.
बाहेर शिंपल्यांच्या शेतातले बोये
एकेक करून गावाकडे तोंड वळवतात.
पाणी फिरलं.
गुडघ्याखाली लाकूड गार लागायला लागलं.

निघाला एकदाचा.
हातात घेतला तर हलका,
फार हलका,
आजारी माणसाचा हात उचलावा तसा.
आत पापुद्रे, शिळ्या खारीसारखे.
स्क्रूड्रायव्हर टेकवला, आरपार गेला.
रंग तेवढा लोखंडाचं काम करत होता.

आणि त्या चाळणीत एक रेघ शाबूत:
वेल्डिंगची. वाकडी, गाठीगाठींची,
सुरवंट अर्ध्यात मरावा तशी.
ओळखली. माझीच.
नऊ वर्षांपूर्वी, हात शिकत होता तेव्हाची.
"ही सोमवारपर्यंत टिकली तर नाव बदलेन,"
उस्ताद बेनिग्नो म्हणाला होता.
तो त्याच नावानं गेला.
धरून ठेवायला आजूबाजूला काही उरलं नव्हतं
तरी ती धरून होती.
मी कुणाला बोलले नाही.

नवा कोपर पुएर्तो मोन्तहून बसनं आलेला, स्टेनलेसचा,
आरशासारखा, आपलंच नाक मोठं दाखवणारा.
एवारिस्तोनं नोटा तीनदा मोजल्या,
तिसऱ्यांदा एक कमी भरली.
गॅस्केट, ग्रीस, चार नवे बोल्ट.
पाणी सुकाणूपर्यंत आलं होतं.
लाँचनं कण्हत पाठ सरळ केली.

इंजिन दोनदा खोकलं.
मग मागून धूर आणि पाणी एकदमच,
पान खाऊन पिंक टाकावी तसं.
आम्ही तिघं ते ऐकत उभे राहिलो.
यापेक्षा सुंदर आवाज असतील,
मला घाई नव्हती.

"याला रंग?" एवारिस्तोनं विचारलं.
"लागत नाही."
"सप्टेंबरमध्येसुद्धा?"
"कधीच नाही."
त्यानं मान हलवली,
पुन्हा एकदा हलवली.

पुढच्या आठवड्यात उरलेल्या पैशांसाठी त्याच्या घरी गेले.
सफरचंदाच्या चिचाचं पिंप फसफसत होतं,
झाकणावर वजन म्हणून जुना कोपर.
चंदेरी. ओला.
मी बोट लावलं, बोटाला आला.
"एकच हात झालाय," तो म्हणाला,
"दुसरा उद्या."